विंडोजवर प्रोलॉग टाकलंय, पण मराठीत लिहिलेली वंशावळ चालतच नाही

नीलम_कराड:

नमस्कार मंडळी. मी शाळेत इतिहास शिकवते. सातवीच्या मुलांना भोसले घराण्याची वंशावळ फळ्यावर काढून दाखवते तेव्हा कोण कोणाचे काका आणि कोण कोणाचे आजोबा यात मुलं हमखास अडकतात. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला मावशी तू प्रोलॉग नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा बघ, त्यात ‘हे यांचे वडील’ एवढंच लिहीत जायचं, काका कोण आत्या कोण ते प्रश्न विचारला की कॉम्प्युटरच शोधून देतो. मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडलीये, पण त्याची परीक्षा चालू आहे त्यामुळे त्याला सारखं विचारता येत नाही.

आत्तापर्यंत काय केलं ते सगळं सांगते. लॅपटॉप स्वतःचा आहे, विंडोज ११. प्रोलॉग चालवणारं एसडब्ल्यूआय-प्रोलॉग नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या साइटवरून ६४ बिटवालं स्टेबल व्हर्जन उतरवलं. इन्स्टॉल करताना ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ असा निळा बोर्ड आला, तिथे मोअर इन्फो वर जाऊन रन एनीवे केलं (हे बरोबर केलं ना?), मग नेक्स्ट नेक्स्ट करत गेले. स्टार्ट मेनूतून उघडलं की पांढरी खिडकी येते आणि त्यात प्रश्नचिन्ह आणि डॅश असं येऊन थांबतं. इथपर्यंत ठीक.

मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट केलं, त्याचं नाव बदलून वंशावळ डॉट पीएल ठेवलं आणि त्यात हे लिहिलं:

वडील(मालोजीराजे, शहाजीराजे).
वडील(मालोजीराजे, शरीफजीराजे).
वडील(शहाजीराजे, संभाजीराजे).
वडील(शहाजीराजे, शिवाजीराजे).
वडील(शहाजीराजे, व्यंकोजीराजे).
वडील(शिवाजीराजे, संभाजीराजे).
वडील(शिवाजीराजे, राजाराम).

भाऊ(क, ख) ः- वडील(ब, क), वडील(ब, ख).
काका(क, प) ः- वडील(व, प), भाऊ(क, व).

आता फाइलवर डबल क्लिक केलं की नोटपॅडच उघडतं. प्रोलॉगच्या खिडकीत फाइल मेनूतून कन्सल्ट (म्हणजे फाइल लोड) केलं तर डेस्कटॉपवर ती फाइल दिसतच नाही. म्हणून पहिली ओळ सरळ त्या प्रश्नचिन्हापुढे टाइप केली तर लाल अक्षरात अननोन प्रोसीजर म्हणतो. भाच्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-डब्ल्यू-आय-पी-एल टाइप करायला सांगितलं होतं, तिथे तर ही कमांडच ओळखीची नाही म्हणतो. इन्स्टॉल नीट झालंय की काढून परत टाकू? आणि मुळात मराठीत लिहिलेलं चालतं का, की सगळं इंग्रजीत करायला लागेल? इंग्रजीत करायचं असेल तर मग मुलांना दाखवण्यात काही मजा नाही.


अनिकेत_पी:

मॅडम, अनइन्स्टॉल करू नका, तुमचं प्रोलॉग व्यवस्थित बसलंय. प्रश्नचिन्ह-डॅश आलं म्हणजे झालं, तो त्याचा प्रॉम्प्ट आहे. आणि निळ्या बोर्डाचं म्हणाल तर अधिकृत साइटवरूनच उतरवलंय तर काही काळजी नाही, कमी लोक उतरवतात अशा कुठल्याही सॉफ्टवेअरला विंडोज तो बोर्ड दाखवतं.

गडबड फाइलच्या नावात आहे. विंडोज मुळात एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाची डॉटनंतरची शेपटी, लपवून ठेवतं, त्यामुळे तुम्ही टेक्स्ट डॉक्युमेंटला ‘वंशावळ डॉट पीएल’ नाव दिलंत तरी खरं नाव ‘वंशावळ डॉट पीएल डॉट टीएक्सटी’ असंच राहिलं. म्हणून डबल क्लिकला नोटपॅड उघडतं आणि म्हणूनच कन्सल्टच्या यादीत ती दिसत नाही, कारण तिथे फक्त प्रोलॉगच्याच फाइली दाखवतात. फाइल एक्सप्लोरर उघडा, वर व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स वर टिक करा. आता शेपटीचं टीएक्सटी दिसेल, रिनेम करून ते उडवा. आयकॉन बदलला की समजायचं जमलं. हे सेटिंग तसंच चालू राहू द्या, पुढेही उपयोगी पडेल.

आणि फाइल डेस्कटॉपवर नका ठेवू. बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि मग खरा पत्ता भलताच लांबलचक निघतो. सी नाहीतर डी ड्राइव्हमध्ये इतिहास नावाचं साधं फोल्डर करा, फोल्डरचं आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरात, मध्ये स्पेस नको. आतला मजकूर मराठीत असला तरी चालेल. त्यानंतर डबल क्लिक केलं की प्रोलॉग त्या फोल्डरमध्येच उघडतं आणि फाइल आपोआप लोड होते. प्रॉम्प्टवरून लोड करायची झाली तर चौकोनी कंसात, सिंगल कोटमध्ये पूर्ण पत्ता आणि शेवटी पूर्णविराम, पण स्लॅश सरळे वापरायचे, विंडोजवाले उलटे नाहीत. प्रोलॉगमध्ये कोटच्या आत उलट्या स्लॅशला वेगळा अर्थ आहे, त्याच्यापुढे एन आला तर ती नवी ओळ होते, टी आला तर टॅब होतो, म्हणजे एन किंवा टी ने सुरू होणाऱ्या फोल्डरचा पत्ता दिलात की प्रोलॉग भलतंच काहीतरी शोधत बसणार आणि फाइल नाही म्हणून सांगणार. या एका गोष्टीवर विंडोजवाल्यांचा भयंकर वेळ जातो.

कमांड प्रॉम्प्टचं कारण पाथ, म्हणजे विंडोज कमांड कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधतं त्याची यादी. इन्स्टॉलर मध्येच विचारतो की पाथमध्ये टाकू का, आणि नेक्स्ट नेक्स्ट करताना तो प्रश्न निसटतो. तुम्हाला खिडकीतच काम करायचंय तर त्याची गरजच नाही. हवंच असेल तर स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स शोधा, पाथ वर एडिट करा, प्रोग्रॅम फाइल्समधल्या एसडब्ल्यूआयपीएल फोल्डरच्या आतलं बिन फोल्डर तिथे जोडा आणि कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडा. उघडी असलेली जुनी खिडकी नवा पाथ घेत नाही.

अननोन प्रोसीजर का आलं तर प्रॉम्प्टवर जे लिहू तो प्रश्न असतो. तुम्ही वडील(मालोजीराजे, शहाजीराजे) लिहिलंत म्हणजे ‘मालोजीराजे हे शहाजीराजांचे वडील का?’ असं विचारलंत, आणि त्याला अजून वडील हा प्रकारच माहीत नव्हता. माहिती द्यायची फाइलमधून, प्रश्न विचारायचे प्रॉम्प्टवर. फाइलमध्ये बदल करून सेव्ह केलं की प्रॉम्प्टवर मेक आणि पूर्णविराम द्या (इंग्रजीत, एम-ए-के-ई), बदललेली फाइल परत वाचली जाते, खिडकी बंद करून उघडायला लागत नाही. आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पूर्णविराम हवाच, नाही दिला तर एक उभी रेघ दाखवून तो पुढच्या मजकुराची वाट बघत बसतो, लोकांना वाटतं हँग झालं.


कुलकर्णी_नाशिक:

अनिकेतने सांगितलंय ते सगळं बरोबर आहे पण तेवढ्याने ही फाइल चालणार नाही. नीलमताई, तुमच्या शेवटच्या दोन ओळी नीट बघा. कंसानंतर जे चिन्ह आहे तो कोलन नाही, विसर्ग आहे. तुम्ही बहुतेक इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरता, त्यात शिफ्ट दाबून डॅशची की दाबली की विसर्ग येतो, आणि कोलनच्या जागी च आणि छ बसलेत, त्यामुळे मराठी टाइप करता करता कोलन सापडतच नाही आणि विसर्गावर काम भागवलं जातं. पत्र लिहिताना काही बिघडत नाही. दिसायला दोन्ही म्हणजे वरखाली दोन टिंबंच. पण प्रोलॉगला नियम लिहिण्यासाठी खरा कोलन आणि त्याला चिकटून डॅश लागतो, विसर्ग दिलात तर तिथेच सिन्टॅक्स एरर येणार. विंडोजची की आणि स्पेसबार दाबून इंग्रजी कीबोर्डवर जा, कोलन-डॅश टाइप करा, परत मराठीवर या. दोन-तीनदा केलं की हात आपोआप वळतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. मराठीत चालतं, अगदी छान चालतं, आणि मला वाटतं शाळेसाठी मराठीतच करावं. प्रोलॉगमध्ये लहान अक्षराने सुरू झालेला शब्द म्हणजे एखादं नाव, आणि देवनागरीत कॅपिटल प्रकार नसल्यामुळे एसडब्ल्यूआय-प्रोलॉग आपला प्रत्येक शब्द त्या लहान अक्षरवाल्या गटात धरतं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं सगळं घेतं. फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह झालेली पाहिजे. हल्लीचं नोटपॅड तसंच करतं, तरी सेव्ह ॲजच्या चौकटीत खाली एन्कोडिंग लिहिलेलं असतं तिथे एकदा नजर टाका. तिथे एएनएसआय असेल तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतील. हल्लीची प्रोलॉग व्हर्जन्स फाइल यूटीएफ-८ आहे असंच समजून वाचतात. शाळेत जुनं व्हर्जन असेल तर फाइलच्या पहिल्या ओळीत कोलन-डॅश, पुढे इंग्रजीत एन्कोडिंग, कंसात यूटीएफ८ (मध्ये डॅश न देता) आणि पूर्णविराम, एवढं लिहिलं की भागतं.

आणखी एक, शब्द आणि कंस यांच्यामध्ये स्पेस सोडू नका. वडील आणि लगेच कंस. मराठी लिहिताना कंसाआधी जागा सोडायची सवय असते, इथे ती चूक धरली जाते. नावं व्हॉट्सॲपवरून किंवा कुठल्या वेबसाइटवरून कॉपीही करू नका, कधी कधी त्यात न दिसणारी जोडणीची चिन्हं येतात आणि मग डोळ्याला सारखी दिसणारी दोन नावं प्रोलॉगला वेगवेगळी वाटतात. हातानेच टाइप करा.

ही भाषा १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेला जन्मली, आलँ कोल्मरो आणि फिलिप रुसेल यांच्याकडे, आणि त्यांचं काम मुळात फ्रेंच वाक्यं कॉम्प्युटरला समजावीत याच्यावरच चाललेलं होतं. एसडब्ल्यूआयवालं प्रोलॉग नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम विद्यापीठात यान व्हीलेमाकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलं आणि ते आजही त्यावर काम करतात. नव्वदच्या दशकात आम्ही हे डॉसवर शिकलो तेव्हा सगळी उदाहरणं जॉन आणि मेरीची असायची. शहाजीराजे आणि मालोजीराजे बघून फार बरं वाटलं.


नीलम_कराड:

अनिकेत, कुलकर्णी सर, दोघांचे मनापासून आभार. एक्स्टेन्शन दिसायला लागलं, शेपूट काढलं, डी ड्राइव्हमध्ये फोल्डर केलं, कोलन टाकले आणि फाइल एकही एरर न देता लोड झाली!! हो, इनस्क्रिप्टच आहे, शाळेच्या कामामुळे तोच हातात बसलाय.

वडील(शहाजीराजे, शिवाजीराजे) विचारलं तर ट्रू म्हणतो. वडील(शिवाजीराजे, शहाजीराजे) विचारलं तर फॉल्स. एवढं बघूनच हरखून गेले. पण काका(क, संभाजीराजे) विचारलं तर फॉल्स येतंय. संभाजीराजांना काका होतेच की, व्यंकोजीराजे तर नक्कीच, आणि ते फाइलमध्ये लिहिलेत. भाच्याच्या पुस्तकात बघितलं तर तिथे व्हेरिएबल, म्हणजे ज्याचं उत्तर शोधायचं ती रिकामी जागा, कॅपिटल अक्षराने सुरू होतो असं दिलंय. मराठीत कॅपिटल कुठून आणायचं?


रेश्मा_डब्लिन:

नीलमताई, अंडरस्कोअर! प्रोलॉगमध्ये कॅपिटल किंवा अंडरस्कोअर, दोन्हीपैकी कशानेही सुरू झालं तरी तो व्हेरिएबल होतो, त्यामुळे ज्या लिपीत कॅपिटल नाही त्यांनी अंडरस्कोअर वापरायचा, तो रस्ता मुद्दाम ठेवलेला आहे. तुम्ही नुसतं क लिहिलंत म्हणून त्याने क नावाचा कोणी माणूस आहे असं धरलं, आणि ‘क हे संभाजीराजांचे काका का?’ तर नाही, फॉल्स. उत्तर त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं.

हे असं करा, आणि अंडरस्कोअरसाठी पण इंग्रजी कीबोर्डवरच जावं लागेल:

भाऊ(_क, _ख) :- वडील(_ब, _क), वडील(_ब, _ख), _क \= _ख.
काका(_क, _प) :- वडील(_व, _प), भाऊ(_क, _व).

भाऊच्या शेवटी जे जोडलंय त्याचा अर्थ ‘क आणि ख एकच नसावेत’, ते नसेल तर प्रत्येक माणूस स्वतःचाच भाऊ निघतो आणि मग वडील पण काकांमध्ये येतात. आणि तो तुकडा शेवटीच ठेवा, सुरुवातीला नाही. सुरुवातीला निदान क तरी अजून रिकामा असतो, रिकामा कोणाशीही सारखा होऊ शकतो म्हणून तो तिथेच नापास करतो आणि काकाच्या प्रश्नाचं उत्तर फॉल्स येतं. कागदावर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच पण प्रोलॉग डावीकडून उजवीकडे जातं, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

पुढे मुली लिहाल तेव्हा पुरुष(शिवाजीराजे). स्त्री(राणूबाई). अशा ओळी पण लागतील, नाहीतर राणूबाई शाहूमहाराजांच्या काका म्हणून येतील. भाऊच्या नियमात पुरुष(_क) जोडा, तसाच बहीणचा नियम करून त्यात स्त्री(_क) जोडा, मग आत्या एका ओळीत होते:

आत्या(_क, _प) :- वडील(_व, _प), बहीण(_क, _व).

आईच्या बाजूची मावशी आणि मामा तुमच्या मुलांनाच करायला द्या, मला वाटतं त्यांना आवडेल.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. फाइलमध्ये वडीलच्या सगळ्या ओळी एकत्र, आईच्या सगळ्या एकत्र अशा ठेवा. एक वडील एक आई परत वडील असं मिसळून लिहिलं तर ‘नॉट टुगेदर’ अशी वॉर्निंग ढीगभर येते. प्रोग्रॅम चालतो, पण एवढी पिवळी-लाल अक्षरं बघून वर्गात गोंधळ होईल. आणि एकापेक्षा जास्त उत्तरं असतील तर पहिलं दाखवून तो थांबतो, तिथे अर्धविराम दाबा म्हणजे पुढचं येतं, हे पण इंग्रजी कीबोर्डवरून.


नीलम_कराड:

रेश्मा, चाललं! पण आता जे आलंय ते बघा, मी काका(_क, संभाजीराजे) विचारलं आणि अर्धविराम दाबत गेले तर असं आलं:

_क = शरीफजीराजे ;
_क = संभाजीराजे ;
_क = व्यंकोजीराजे ;

व्यंकोजीराजे बरोबर. पण शरीफजीराजे तर शहाजीराजांचे भाऊ, म्हणजे संभाजीराजांचे चुलत आजोबा, ते काका कसे? आणि संभाजीराजे स्वतःच स्वतःचे काका? नियम तर तुम्ही दिला तसाच टाकलाय, क वेगळा ख वेगळा ते सुद्धा आहे.


कुलकर्णी_नाशिक:

नियमात काही चूक नाही नीलमताई, चूक नावात आहे आणि ती आपल्याकडच्या नाव ठेवायच्या पद्धतीतून आलीये. शहाजीराजे आणि जिजाऊंचे थोरले चिरंजीव संभाजीराजे, जे कनकगिरीला धारातीर्थी पडले, ते वेगळे. शिवाजीराजे आणि सईबाईंचे चिरंजीव छत्रपती संभाजीराजे वेगळे. पुतण्याला थोरल्या काकांचं नाव. तुम्हाला ते माहीत आहे, मुलांनाही तुम्ही सांगता, पण प्रोलॉगकडे फक्त अक्षरं आहेत. दोन ठिकाणी संभाजीराजे दिसलं की त्याच्या लेखी तो एकच माणूस, आणि त्याला दोन वडील, एक शहाजीराजे आणि एक शिवाजीराजे. शहाजीराजांकडून गेलं की त्यांचे भाऊ शरीफजी काका ठरतात. शिवाजीराजांकडून गेलं की त्यांचे भाऊ संभाजी काका ठरतात. त्याने दिलेल्या माहितीवर अगदी काटेकोर उत्तर दिलंय.

तिसरी ओळ अशी करा:

वडील(शहाजीराजे, थोरले_संभाजीराजे).

मधला अंडरस्कोअर चालतो, सुरुवातीला आला तरच व्हेरिएबल. मग परत विचारा, थोरले_संभाजीराजे आणि व्यंकोजीराजे असे दोघेच येतील.

पण हे इथेच संपत नाही, पुढे जाल तसं वाढतच जातं. राजाराम महाराज आणि ताराबाईंच्या मुलाचं नाव शिवाजी, राजसबाईंच्या मुलाचं नाव संभाजी. आता समजा तुम्ही वडील(राजाराम, शिवाजीराजे) असं लिहिलंत आणि मुलांना पूर्वज शिकवण्यासाठी हा नियम दिलात:

पूर्वज(_क, _ख) :- वडील(_क, _ख).
पूर्वज(_क, _ख) :- वडील(_क, _ग), पूर्वज(_ग, _ख).

तर शिवाजीराजे राजारामांचे वडील, राजाराम शिवाजीराजांचे वडील, असं वर्तुळ पूर्ण होतं आणि पूर्वज(शिवाजीराजे, _ख) विचारलं की अर्धविराम दाबाल तितक्या वेळा तीच तीच नावं येत राहतात, कधी थांबतच नाही. वंशावळीत वर्तुळ आलं म्हणजे कुठेतरी दोन माणसं एक झालीयेत हे नक्की समजायचं. मला तर वाटतं मुलांसमोर ही चूक मुद्दाम एकदा करून दाखवा, इतिहासाच्या पुस्तकात दुसरे शिवाजी, दुसरे संभाजी असं का लिहितात ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. शाहू नावाचंही तसंच, साताऱ्याचे शाहूमहाराज आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहूमहाराज.

राजर्षींपर्यंत गेलात तर अजून एक अडचण येईल ती म्हणजे दत्तक. त्यांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला, १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. तिथे वडील म्हणून कोणाचं नाव लिहिणार? माझं मत असं की वडील जन्माचेच ठेवा आणि दत्तक हे नातं वेगळं लिहा, मग गादीचा वारसा शोधायचा नियम वेगळा करता येतो. दोन्ही एकाच शब्दात कोंबलं तर काका आणि आत्या सगळे घाटगे-भोसले मिसळून येतील.


अनिकेत_पी:

कुलकर्णी सर, कमाल. मी फाइल आणि पाथच्या पुढे विचारच केला नव्हता, आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पण हाच फॅमिली ट्री होता पण सगळी नावं वेगवेगळी असल्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही.

मॅडम, एक छोटी गोष्ट, नोटपॅडऐवजी व्हीएस कोड हा एडिटर घ्या. त्यात प्रोलॉगसाठीचं ॲड-ऑन मिळतं, कंस कुठे उघडा राहिलाय ते दिसतं आणि खाली कोपऱ्यात यूटीएफ-८ लिहिलेलं कायम समोर असतं. फाइलच्या नावातलं पीएल हे एक्स्टेन्शन पर्ल नावाच्या भाषेचं पण आहे, त्यामुळे तो फाइल पर्लची समजून भलतेच रंग देऊ शकतो, खाली भाषेच्या नावावर क्लिक करून प्रोलॉग निवडायचं. आणि काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मराठी वेलांट्या सुट्या पडतात, चौकोन पण दिसतात, ते प्रोलॉगचं नाही, त्या खिडकीला देवनागरी नीट जुळवता येत नाही. आतलं उत्तर बरोबरच असतं.


नीलम_कराड:

थोरले_संभाजीराजे केलं आणि दोनच नावं आली, अगदी हवी तीच! रात्री बसून येसूबाई, ताराबाई, राणूबाई सगळ्यांना घातलं, आत्या पण बरोबर येतीये. वर्तुळ मुद्दाम करून दाखवायची कल्पना मी नक्की वापरणार आहे, मुलं त्यावर तासभर बोलतील.

आता शेवटचा प्रश्न. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, ॲडमिन पासवर्ड आमच्याकडे नसतो. इंटरनेट आहे. मुलांना स्वतःच्या हाताने करता यावं असं काही आहे का, नाहीतर मी एकटीच प्रोजेक्टरवर दाखवणार.


रेश्मा_डब्लिन:

आहे! एसडब्ल्यूआय-प्रोलॉगवाल्यांचंच स्विश नावाचं पान आहे, ब्राउझरमध्येच चालतं, काहीच टाकावं लागत नाही. डावीकडे प्रोग्रॅम लिहायचा, उजवीकडे खाली प्रश्न लिहायचा आणि रन. तिथे प्रश्नचिन्ह-डॅश आपण द्यायचं नसतं, ते आधीच असतं. अर्धविरामाऐवजी नेक्स्टचं बटण असतं, मुलांना सोपं जाईल. आणि ब्राउझर देवनागरी नीट दाखवतो त्यामुळे वेलांट्यांचा तो प्रॉब्लेम पण नाही. मी आत्ताच तुमची वर दिलेली फाइल दुरुस्त करून तिथे टाकून बघितली, व्यवस्थित चालतीये.

फक्त एक काळजी घ्या. तिथे सेव्ह केलं की ते बाकीच्यांनाही दिसू शकतं. भोसले घराण्याला काही हरकत नाही, पण मुलांना दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरची वंशावळ करावीशी वाटणारच, तेव्हा खरी आडनावं, जन्मतारखा तिथे सेव्ह करू देऊ नका. लिहायचं, प्रश्न विचारायचे आणि टॅब बंद करायचा. ठेवायचंच असेल तर मजकूर कॉपी करून पेन ड्राइव्हवर यूटीएफ-८ फाइल करून ठेवा, घरी तुमच्या लॅपटॉपवर तीच फाइल जशीच्या तशी उघडेल. आणि शाळेतल्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड चालू आहे का ते तासाच्या आधी एकदा जाऊन बघून या, तो सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज खाली असतो.